हरभऱ्याच्या नावाखाली कांदा

केडगावच्या पलीकडच्या त्या गावात पिकांची नोंद करायचं काम तहमीनाकडे होतं. कुणाच्या रानात काय उभं आहे, ते बांधावर जाऊन बघायचं, फोटो काढायचा आणि मोबाइलवर भरायचं. या नोंदींवरूनच वर सगळी आखणी होते, कालव्याला पाणी कधी सोडायचं तेसुद्धा. नवरा मुजीब रांजणगावला कंपनीत, घरी सासरे अयुब आणि त्यांचा तुकडाभर रानातला कांदा. बाई बोलायला मऊ, कामाला पक्की.

गेल्या वर्षी मात्र ती नमली होती. सोसायटीचे चेअरमन हौसराव आप्पा यांनी फर्मान काढलं, की कांदा जास्त दिसला की दिल्लीवाले निर्यात बंद करतात, तेव्हा सगळ्यांनी हरभरा लावा, म्हणजे मोबाइलमध्ये! गाव पडलं हुशार. बांधाकडेच्या चार रोपांचे फोटो काढून अख्खं शिवार हरभऱ्याचं झालं. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी कालव्याच्या पाण्याचं शेवटचं आवर्तन आलंच नाही. हरभरा निघाला असेल, आता पाणी कशाला, असं कचेरीत वाटलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? कांदा सुपारीएवढा राहिला. आप्पांची स्वतःची विहीर, त्यांचं निभावलं.

यंदा नोंदीच्या शेवटच्या आठवड्यात तहमीना आप्पांच्याच रानात जाऊन उभी राहिली. त्यांनी कांदा लिहू दिला तर गाव लिहू देणार होतं, नाहीतर पुन्हा पाण्याच्या नावानं ठणठण.

"हरभरा लिव," आप्पा म्हणाले.

"न्हाई जमायचं आप्पा. औंदा पानी न्हाई आलं तर गावाचा कांदा जाईल."

"आन् भाव पडल्यावर तू भरून देनार व्हय? अयुबच्या रानाला औंदापासनं माझ्या विहिरीचं पानी जातंय, ध्यानात ठेव. कांदा लिवलास तर आजच कॉक बंद करतो."

आप्पांशी वाकडं घेऊ नको, असं सासऱ्यांनी सकाळीच बजावलं होतं. कालव्याचं पुढचं पुढे, पण विहिरीचं पाणी तुटलं तर घरचं पीक डोळ्यांदेखत माना टाकणार. वर उचललेला मोबाइल तिनं खाली घेतला. तिला आप्पांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

शेजारच्या वाफ्यात झुंबरबाई, आप्पांच्या कारभारीण, खाली मान घालून खुरपत होत्या. गेल्या वर्षी अयुबचा कांदा काढायला गावच्या बायकांबरोबर त्याही सावडीनं, एकमेकींच्या रानात बिनमजुरीनं राबायच्या रीतीनं, गेल्या होत्या. त्या दिवशी दुपारच्या आतच काम उरकलं, कारण काढण्यासारखं काही नव्हतंच. त्या उठल्या.

"मी सकाळपासनं खुरपतीया, त्यो काय हरभरा हाय व्हय?"

"तू मधी पडू नगंस. रान माझं हाय."

"सातबाराच्या उताऱ्यावर माझं नाव तुमीच लावलंय, सरकारी योजनेपायी. विहीर बी त्यातच हाय. कॉकला हात लावू नगा."

आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "घरी ये, मग बघतो," ते दात खाऊन म्हणाले आणि तिथंच बांधावर बसले.

"काढ गं फोटू," झुंबरबाई म्हणाल्या. "मला बी त्यात घे. मागनं कुनी बदलाया नगं."

तहमीनानं मोबाइल धरला. समोर हिरवागार कांदा आणि त्यात उभ्या झुंबरबाई. उभ्या जन्मात नवऱ्याला उलटून न बोललेल्या त्या बाईच्या हातातलं खुरपं लटलट कापत होतं. हलू नका, असं म्हणायला तहमीनाची जीभ रेटेना. तिनं तसाच फोटो काढला आणि पिकाच्या रकान्यात कांदा भरला.