मोहन्याचे टर्नर

मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात देवराम लेथवर लोखंड कातायचा. खात्यात त्याच्याच नावाचे आणखी दोघे होते, म्हणून एक देवराम फिटर, एक देवराम जॉबर आणि हा देवराम टर्नर. पोराला शाळेत घालताना गुरुजींनी आडनाव विचारलं, तर याने सरळ 'टर्नर' सांगून टाकलं. जुन्या आडनावावरून लोक जात ओळखायचे आणि मग पाणी वरून ओंजळीत ओतायचे, त्याचा त्याला वीट आला होता. चाळीत थट्टा झाली, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण थट्टा करणाऱ्या फिटर आणि जॉबरनेही पुढे आपापल्या पोरांच्या बाबतीत तेच केलं. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा फिटर डोंबिवलीला गेले, जॉबर कल्याणच्या बाजारात शिरले, आणि आडनावंही त्यांच्याबरोबर पांगली.

आज देवराम नात रचनाबरोबर घोडबंदर रोडला भाड्याचं घर बघायला आला होता. तिची नोकरी तिथलीच. याआधी सगळीकडे बोलणी ऐनवेळी फिसकटली होती. गेटवरच तिने बजावलं, "आजोबा, तुम्ही फक्त बसा. मी बोलते."

मालक श्रीपादराव बोलायला गोड. भाड्याच्या घराची किल्ली टीपॉयवर काढून ठेवलेली. चहा आला.

"माझा भाऊ इंग्लंडला असतो," ते म्हणाले. "तिकडे टर्नर खूप. पूर्वी गावोगाव लाकूड कातणारे असायचे, त्यांचं हे आडनाव. एका घराण्याचे नाहीत ते, म्हणून कुठेही जा, सापडतात."

देवरामला बरं वाटलं. तिकडेही कामावरूनच माणसाला हाक पडली होती तर.

"तुम्ही वसईकडचे ख्रिश्चन, की इथलेच?"

रचनाचा कप बशीवर वाजला. नुसतं 'इथलेच' म्हटलं असतं तरी भागलं असतं. किल्ली हातभर अंतरावर होती. देवरामने वाट पाहिली, पण 'मी बोलते' म्हणणारी पोरगी बशीत सांडलेला चहा पुसत बसली.

"ख्रिश्चन नाही हो, आम्ही बौद्ध," तो म्हणाला. "मी टर्नर होतो, तेच आडनाव लावलं."

श्रीपादराव रचनाकडे बघत राहिले. "फोनवर तुम्ही वेगळं सांगितलेलंत." आवाज तेवढाच गोड होता. किल्ली मात्र त्यांनी खिशात टाकली. "घरात विचारतो आणि कळवतो."

लिफ्टमध्ये रचनाला रडू फुटलं. "किती वेळा नाही ऐकायचं, आजोबा? आडनाव ख्रिश्चन वाटतंच, म्हणून फोनवर तसं बोलून गेले."

देवरामला तिचा राग आला नाही, स्वतःचा आला. पोरांनी मान वर करून चालावं म्हणून जे नाव त्याने घेतलं, त्याच नावाआड त्याची नात लपली होती. खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. कडेला थांबून त्याने विचारलं, "पुढचं घर कुठंय?"

"कासारवडवलीला. फोन करायचाय अजून."

"नंबर लावून दे. मी बोलतो. आपण कोण ते आधी सांगतो, मग घराचं विचारतो."