सुपात पाखडलेला धातू

ये, जवळ बस. उंबऱ्यातूनच खुशाली विचारून पळणारी माणसं मला आवडत नाहीत, हे तुला किती वेळा सांगू? चपला काढ, पाय पसर, आणि घड्याळाकडे बघू नकोस. वास येतोय का तुला? समोरच्या अंगणात शेजाऱ्यांच्या लेकाने सकाळपासून जुनी मोटार उघडून ठेवली आहे. घमेल्यात रॉकेल, रॉकेलात बुडवलेले सुटे भाग, आणि या सगळ्यावर रेंगाळणारा जळक्या तेलाचा तो दाट, कडवट आणि तरीही कसा कोण जाणे, आतून माया उठवणारा वास. घरातल्यांनी नाकाला पदर लावले, दारं लोटून घेतली. मी मात्र खिडकीशी खुर्ची ओढून बसले आहे. हा वास नाकात शिरला, की माझी वर्षं गळून पडतात. मी पुन्हा सोळा-सतरा वर्षांची होते आणि मुळशीतल्या एका गोठ्यात उभी राहते.

आमची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. वरच्या अंगाला नवं घर बांधलं, पण घर खाऊन का पोट भरतं? लोकांनी कुठे कुठे जमिनी पाहिल्या. आमच्या ह्यांनी मात्र बैलजोडी विकली आणि पुण्याहून एक जुनी मोटार आणली. हे म्हणजे माझे यजमान. नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता तरी कशाला घेऊ? धरणाच्या कामावर एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून त्यांनी यंत्रं खोलायची आणि जोडायची विद्या डोळ्यांनी उचलली होती. माणसं, तांदळाची पोती, कोंबड्यांच्या डालग्या, जे मिळेल ते भरून मोटार पुण्याला जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. वर्षभर बरं चाललं. मग एकदा, भर उन्हाळ्यात, पोत्यांवर पोती लादून चढण चढताना इंजिनातलं तेल सरलं, आणि त्याच्या पोटातून कुणीतरी आतून दार ठोठावावं तसा टक्-टक् आवाज यायला लागला.

मोटार घरी आली ती दुसऱ्याच्या बैलांनी ओढत. आमच्या शेजारी एक म्हातारे धनगर मामा राहत. शेळ्या-मेंढ्यांचा कळप आणि जिभेला धार, एवढीच त्यांची मिळकत. ते काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले आणि म्हणाले, "काय रं, बैल इकून मोटार घेतलीस, न् आता मोटार वडाया बैल मागतुयास व्हय?" सगळे हसले. हेही हसले, पण त्यांच्या कानशिलांवरची शीर थडथडत होती, ती मला दिसली.

कारण नुसत्या मोटारीची गोष्ट राहिली नव्हती. ह्यांचे चुलतभाऊ मुंबईला गिरणीत होते, ते पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आले होते. ह्यांच्यासाठी त्यांनी खात्यात एक बदलीची, म्हणजे कुणी गैरहजर असलं की भरायची, जागा बोलून ठेवली होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चुलीपुढे बसून निकाल दिला, "ऐतवारपातुर ही गाडी बोलली तर बोलली. न्हाईतर तू जा बाबा ह्याच्यासंगं मुंबईला. हितं बसून काय खायाचं?" बोलताना त्या भाकरी थापत होत्या आणि भाकरी फाटली. त्यांची भाकरी कधी फाटत नसे. आमच्या भागातून मुंबईला गेलेली माणसं शिमग्याला येत, पुढे एकेका वर्षाआड येत, आणि काहींचं तर नुसतं पत्र येई. वर्षभराचा माझा संसार, त्याची मुदत रविवारवर येऊन ठेपली होती.

गोठा झाडून मोटार आत घेतली. दगडांच्या थप्प्या रचून ती उंच केली, आणि हे खाली आडवे होऊन तिचं पोट उघडायला लागले. निघेल तो भाग मी पळसाच्या पानावर मांडायची. कुठला कुठे बसतो हे चुकू नये म्हणून ते भिंतीवर कोळशाने एक, दोन, तीन, चार असे आकडे काढत आणि त्या त्या आकड्याखाली पान. माझी शाळा म्हणशील तर ती भिंत. आकडे मी तिथे ओळखायला शिकले, अक्षरं पुढे स्वतःच जमवली. शेवटी तिसऱ्या आकड्याखालचा दांडा बाहेर आला. दट्ट्याला खालच्या मोठ्या आसाशी जोडणारा तो दांडा. त्याच्या खालच्या कड्याला आतून पांढऱ्या मऊ धातूचं अस्तर असतं. आस त्यातच फिरतो. ते अस्तर वितळून, फाटून गेलं होतं. तिथे नवा धातू ओतायला हवा होता.

धातूचा तुकडा हे पायी पुण्याला जाऊन घेऊन आले, आणि आसाच्या मापाचा एक लोखंडी गाभाही कातून आणला. तुकडा बेताचाच. गाभ्याला धातू चिकटू नये म्हणून मी एरंडेलाचा दिवा लावून त्याच्यावर काजळी धरली. कड्यात मधोमध गाभा उभा करून खालची फट मातीने लिंपली, हाच आमचा साचा, आणि ती माती दोन दिवस उन्हात आणि मग निखाऱ्यांजवळ खडखडीत वाळवली. ह्यांनी एकच गोष्ट दहादा सांगितली. "वल नगं. पान्याचा टिपूस ऱ्हायला तरी धातू उसळंल. कुनी जवळ पानी आनू नगा." मला सांगितलं, मामांना सांगितलं. आत्याबाई तेव्हा विहिरीवर होत्या.

गुरुवारी सकाळी गोठ्यात शेगडी फुलवली. लोखंडी पळ्यात धातू आधी मरगळला, मग एकाएकी आरशासारखा चकाकत पातळ झाला. ताव बरोबर आला की नाही हे बघायला मी त्यात बांबूची कोरडी काडी बुडवत होते. काडी पेटता कामा नये, नुसती काळी पडायला हवी. ती काळी पडली. हे पळा उचलायला फडकं शोधू लागले, आणि तेवढ्यात आत्याबाई हातात तांब्या घेऊन आल्या. नवी चूल पेटवायची असो, पेरणीला निघायचं असो, आमच्याकडे कुठल्याही कामाआधी पाणी फिरवून हळदकुंकू वाहायची रीत. त्या वाकल्या, साच्याला कुंकू लावलं, आणि तांब्यात बुडवलेली बोटं त्याच्यावर झटकली. चार थेंब. वाळक्या मातीने ते लगेच पिऊन टाकले.

मी ते पाहिलं. माझ्यावाचून कुणी पाहिलं नाही. आणि मी बोलले नाही. आज तू म्हणशील, एवढं काय, ओरडायचं! पण बाहेर पडवीत चुलतदीर बसलेले, मामा दारात उभे, आणि चार माणसांत सासूने हात लावलेल्या कामाला वर्षभराच्या सुनेने 'थांबा' म्हणायचं? एवढ्याशा पाण्याने काय होणार, असं मी मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नव्हतं, हे तुला खरं सांगते.

ह्यांनी पळा कलता केला, आणि साच्यातून साप फुत्कारावा तसा आवाज झाला. पांढरे शिंतोडे छपरापर्यंत उडाले. हे मागे कोसळले, पळा हातातून सुटला, आणि उरलेला धातू शेगडीच्या राखेत, शेणाने सारवलेल्या जमिनीत, थेंब थेंब होऊन विखुरला. ह्यांच्या मनगटावर रुपयाएवढा डाग उठला होता. त्यांनी 'आई गं' सुद्धा म्हटलं नाही. रिकाम्या पळ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "वाळवली हुती की मी माती." त्यांना वाटलं, चूक त्यांचीच. आत्याबाईंनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं, मग साच्यावरच्या कुंकवाकडे, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "वल माजी हाय," त्या म्हणाल्या. "मी पानी शिपडलं."

परत पुण्याला पायी जाऊन धातू आणायचा म्हणजे रविवार गेला. चुलतदीर हळूच म्हणाले, "जाऊ दे दादा. जागा हाय तिकडं." हे मान खाली घालून मनगटावर तेल चोळत बसले. नकार दिला नाही.

आत्याबाई उठल्या आणि सूप घेऊन आल्या. काही न बोलता खुरप्याने गोठ्याची जमीन खरवडायला लागल्या. मीही बसले. खरवडलेली माती आणि राख सुपात घ्यायची आणि पाखडायची. तांदळातून कोंडा उडवावा तशी राख उडून जाई आणि सुपाच्या मागच्या कडेला जड, चकचकीत कण जमत. जन्मभर भात पाखडलेले हात ते. एक कण पुढे निसटू देत नव्हते. मामा आपले मेंढरांची सवय झालेले डोळे घेऊन रांगत कोपरे धुंडाळत होते. "माजी हरवल्याली करडं बी एवढी न्हाई हुडकली मी," असं पुटपुटत. पाखडता पाखडता आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"तू बघत हुतीस."

मी मान हलवली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमच्यापुढं कसं बोलू, आत्याबाई?"

सुपाची थाप थांबली नाही. "त्वांड दिलंय न्हवं देवानं? हिचा दादला जायाची येळ आली न् ही मान राखत बसली! पुन्यांदा अशी गप ऱ्हाऊ नगंस. माझ्यापुढं बी न्हाई न् त्येच्यापुढं बी न्हाई."

जमलेले कण त्यांनी भाकरीच्या तव्यावर ओलीचं नाव पुसेपर्यंत तापवले. त्या तव्यावर पुन्हा भाकरी भाजली नाही. शुक्रवारी नवी माती लिंपून दिवसभर उन्हात आणि रात्रभर निखाऱ्यांजवळ वाळवली, शनिवारी पहाटेच शेगडी फुलली. पळ्यातल्या धातूवर आलेला मळ काढला, काडी काळी पडली, आणि हे पळ्याला हात घालणार तोच दारात आत्याबाई दिसल्या. हातात तांब्या. इतक्या वर्षांची सवय, हात आपसूक गेला असणार.

"आत्याबाई, तांब्या भाईर!" माझा आवाज गोठ्यात असा घुमला की शेजारी मामांच्या शेळ्या दचकल्या. चुलतदीर उठून उभे राहिले. आत्याबाई जागच्या थबकल्या, मग मागच्या मागे वळल्या, आणि पडवीतून त्यांचा आवाज आला, "आता कसं!"

धातू साच्यात शिरला. आवाज झाला नाही. चढत चढत काठाखाली सूतभर अंतरावर येऊन थांबला. पळ्यात थेंब उरला नाही. हे बराच वेळ वाकून बघत राहिले. "चालंल," एवढंच म्हणाले. मग दिवसभर खरवड. आसाला काजळ फासायचं, कडं बसवून फिरवायचं, जिथे काळं उमटेल तिथे पात्याने खरवडायचं, की पुन्हा काजळ. किती वेळा, ते मोजलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी पुढचं हँडल फिरवलं. एकदा, दोनदा, पाचदा. चुलतदिरांनी वळकटी बांधून पडवीत ठेवली होती; तिच्या शेजारी दुसरी वळकटीही होती. सातव्यांदा मोटार खोकली, थरथरली, आणि धावायला लागली. आम्ही सगळे कान देऊन उभे. टक्-टक् नव्हती.

त्या मोटारीचे पहिले उतारू चुलतदीरच. हे त्यांना पुण्याच्या स्टेशनावर सोडायला निघाले. दुसरी वळकटी आत्याबाईंनी उचलून घरात ठेवली, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. चढणीवर पुन्हा तेच झालं तर? आणि स्टेशनात आगगाडी उभी दिसल्यावर, मनगटावरच्या डागाकडे बघून ह्यांचंच मन फिरलं तर? आम्ही दोघी दुपारपासून ओट्यावर बसलो. दोघींपुढे तांदळाची सुपं, आणि एकीचंही सूप हलत नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला, आणि वळणापलीकडून आवाज आला. एकसारखा, अडखळ नसलेला. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. मोटार दिसेपर्यंत सोडला नाही.

ती मोटार पुढे काही वर्षं चालली, मग तीही थकली. आम्ही ओतलेलं ते अस्तर मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. तिच्या पोटात कुठेतरी ते आपला भार सोसत राहिलं असणार. हेही गेले, आत्याबाई त्यांच्याही आधी. माणसं जातात, यंत्रं मोडीत निघतात; उरतं काय म्हणशील, तर वाट ऐकायची सवय. रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात आता, पण संध्याकाळी एखादी वळणावर सावकाश झाली, की माझा हात आपोआप शेजारच्या रिकाम्या जागेकडे जातो. म्हणून तुला सांगते, असा महिनेन् महिने न येता राहू नकोस. लवकर ये. आणि येशील तेव्हा गाडी लांब नाक्यावर ठेवून चालत येऊ नकोस. थेट दारापर्यंत आण. मला ती ऐकू येऊ दे.