ओट्यामागची काच

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, ओट्यामागची भिंत नवी केलीस, मग ती अशी मातकट का?" तेव्हा गॅसवर कुकर होता, म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं. आता दुपारची भांडी आवरून बसले आहे. सांगते, पण या भिंतीला मी अगदी कंटाळले आहे.

सिंकचा पाइप भिंतीच्या आत गळायला लागला आणि गळती शोधताना प्लंबरने ओट्यामागच्या जुन्या पांढऱ्या टाइल्स फोडल्या. तशा आता मिळत नाहीत. उघड्या सिमेंटवर फोडणीचं तेल आणि हळद उडायची, पुसली की आणखी पसरायची. त्यात अलिबागची खारी हवा. प्लास्टर फुगून त्याची पांढरी पूड ओट्यावर पडायची, कधी पोळीवरही. माझा उजवा हात हल्ली खांद्याच्या वर जात नाही. म्हणून ठरवलं, एकदा फडका फिरवला की स्वच्छ होईल असं काहीतरी लावायचं.

मी सगळं नीट पाहिलं. स्टीलच्या पत्र्याने घराचं हॉटेल झालं असतं. काळा ग्रॅनाइट लावला तर दिवसासुद्धा दिवा लावावा लागला असता. टाइल्सचे सांधे हळदीने पिवळे पडतात, ते मी चाळीस वर्षं घासले. राहिली काच, मागून रंग दिलेली. तिला सांधा नाही, डाग नाही, खाऱ्या हवेची भीती नाही. तुमची आईही फोनवर म्हणाली, "आई, काचच घे. तुझे कष्ट वाचतील." दुकानदाराने राखाडी काचेचा एक मोठा तुकडा घरी नेऊन बघायला दिला. मी तो शेगडीमागे उभा करून ठेवला.

आजोबांना विसर पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची औषधं मी देते, कपडे मी काढून ठेवते, बँकेतही मीच जाते. पण सकाळचा चहा ते करतात. परसातून गवती चहा तोडून आणतात, आलं ठेचतात, दोन कप भरतात आणि एक मला आणून देतात. एवढं एक काम त्यांच्या हातांनी अजून सोडलेलं नाही.

त्या सकाळी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. "या, या! केव्हा आलात? बोटीने रेवसच्या धक्क्याला उतरलात का?"

मला वाटलं, मागच्या दाराने कोणी शेजारी आलं असेल. जाऊन बघते तर ओट्याजवळ ते एकटेच, आणि माझा कप काचेसमोर ठेवलेला.

"अगं, पाहुणे उभेच आहेत. बसायला तरी दे काही."

"कोण पाहुणे?"

"तुझ्या माहेरचे असणार," ते हळूच म्हणाले. "बोलत काहीच नाहीत, नुसते बघतात."

मी हसले. काचेत मलाही मी दिसले, केस विस्कटलेली.

दुसऱ्या दिवशी ते दारातच थबकले. "अजून गेले नाहीत? त्यांचं होऊ दे, मग मी करतो," म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले. चहा मी केला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. मी काचेवर चादर टाकली, तर ती उचलून म्हणाले, "याला झाकून का ठेवलंस?" तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराकडे फिरकलेच नाहीत. गवती चहाची पाती पडवीच्या कठड्यावर तशीच वाळत पडली.

मी रिक्षाने काच परत नेली.

"काकू, रंग नाही आवडला?" दुकानदार म्हणाला. "दुसरे आहेत की."

"त्यात तोंड दिसतं का?"

"एकदम आरशासारखं!"

"तेच नको आहे."

मग मी एकेक टाइल उजेडात धरून तिच्यात स्वतःचं तोंड शोधत बसले. तो बिचारा म्हणाला, "लोक चमक बघून घेतात, काकू." शेवटी ही मातकट टाइल निवडली, जिच्यात काहीच दिसत नाही. खरखरीत आहे, तेल धरून ठेवते, आणि सांधे आहेतच. तुमच्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, घासून घासून हात दुखतील तुझे."

"दुखतातच आहेत," मी म्हटलं.

भिंत पुरी झाली तरी दोन-तीन दिवस ते आत गेले नाहीत. मी रोज गवती चहा तोडून ओट्यावर ठेवत गेले. एका सकाळी अंथरुणातूनच आलं ठेचल्याचा आवाज ऐकला आणि तशीच पडून राहिले.

थोड्या वेळाने ते माझा कप घेऊन आले. "गेले का गं ते?"

"गेले."

"चहा घेतला होता ना त्यांनी?"

"घेतला."

"बरं झालं. साखर जरा कमीच पडली होती त्या दिवशी."

माझ्या कपात मात्र साखर जास्त होती. मी सगळा प्यायले.

तर म्हणून भिंत मातकट आहे. आज वरणाची फोडणी उडाली, मोहरी अजून सांध्यात अडकलेली आहे. उद्या ब्रश घेऊन बघेन. आज हात उचलत नाही.