बघण्याच्या कार्यक्रमाला इटालियन सिनेमा

"बोलत नाही फारशी, पण बरंच आहे ना, भाऊजी. घरात शांतता राहील."

थिएटरच्या टॉयलेटमधून बाहेर येताना खांबापलीकडून हे ऐकू आलं. बोलणारी मला बघायला आलेल्या मुलाची वहिनी. तो हसला. मी ओले हात जीन्सला पुसत तिथेच थांबले आणि मग उगाच खोकून पुढे गेले.

तेव्हा मी स्टुटगार्टला मास्टर्स करत होते. त्याचं स्थळ आईने पुण्याहून फोनवरच आणलेलं. दोनेकशे किलोमीटरवर एश्बॉर्नला आयटीत नोकरी, माणसं ओळखीतली. ठरलं असतं तर मला शिक्षण अर्धवट टाकून तिकडे जावं लागणार होतं, आणि हे कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. माझ्या होस्टेलच्या खोलीत पोहे-बिहे जमणार नव्हते, म्हणून वहिनींनी सिनेमा ठरवला. इटालियन आहे म्हणजे छान प्रेमकथा असणार, हा त्यांचा अंदाज.

निघाला जुना, ब्लॅक अँड व्हाइट. एक गोष्ट रंगतेय तोवर संपायची, की दुसरीच सुरू. शहरातली साधी माणसं, नाचाचे हॉल, रस्त्यात बायकांकडे वळून वळून बघणारे पुरुष.

"यात हिरो कोण?" त्याने विचारलं. मी खांदे उडवले.

वहिनींनी पर्समधून चकल्या काढल्या. पहिल्याच कुरकुरीला पुढचा म्हातारा वळला, "बिट्टे!" म्हणजे प्लीज, आवाज नको. माझ्या तोंडातली चकली तशीच राहिली. चावता येईना, काढता येईना.

मग लग्न जुळवणाऱ्या ऑफिसची गोष्ट आली. एक गरीब मुलगी. होणाऱ्या नवऱ्याबद्दल तिला काहीही सांगा, तिची तयारीच. खालची जर्मन वाक्यं माझ्याच्याने पुरती वाचून होत नव्हती, पण तिचा चेहरा पुरेसा होता.

"किती समजूतदार आहे बघ," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या.

माझे पाय एका जागी ठरेनात. पुढच्या खुर्चीला लागले, म्हातारा पुन्हा वळला. उरलेला सिनेमा मला दिसलाच नाही. मनात वाक्य जुळवत होते, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत. दर खेपेला ते आणखी मवाळ होत होतं.

बाहेर पडल्यावर एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर वहिनींनी माझा दंड धरला. "मग आजच घरी कळवतो हं आम्ही. डिसेंबरात उरकून टाकू. शिक्षणाचं काय, पुढचं पुढे बघता येईल."

मी गप्प.

"लाजली," त्या त्याला म्हणाल्या.

मुलगी गप्प राहिली की आपल्याकडे होकार धरतात. उद्या आईने पेढे वाटले असते, आणि ते परत घेता येत नाहीत. त्याने खिशातून मोबाईल काढून वहिनींच्या हातात दिलासुद्धा.

मी दंड सोडवून घेतला. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"फोन नका करू, वहिनी. मी लाजले नाहीये. मला हे लग्न करायचं नाही."