निरगुडीचं पाणी

निरगुडीचा पाला चुरडला की दाभोशातली ती सकाळ आठवते. आम्ही घर बंद करून वीटभट्टीवर कामाला निघालो होतो आणि जीपवाल्याने बजावलं होतं, "पिसवा झालेली कुत्री गाडीत नाय घेणार." आईने पाला उकळून त्या कोमट पाण्याने आमच्या कुत्रीला आंघोळ घातली, करंजाचं तेल चोळलं. कुत्री जाऊन आपल्या जुन्या गोणपाटावर लोळली आणि पुन्हा खाजवू लागली. आईने ते गोणपाट चुलीत घातलं नि परत पाणी तापत ठेवलं. बाहेर हॉर्न वाजला. बा म्हणाला, "राहू दे तिला इथंच." "मग वर्षभर घर कोणी राखलं?" आई म्हणाली आणि पाला ओरबाडत राहिली. जीप गेली. उन्हं कलल्यावर आम्ही पायीच निघालो, कुत्री सगळ्यांच्या पुढे. आज माझ्या मांजरीसाठी तेच पाणी तापत ठेवलंय. तिचं गोणपाट मी आधीच जाळलं.