ड्राइव्हवेवरचा बर्फ

माझी मुलगी बर्फावरून कधीच घसरली नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, तिच्या आईलाही नाही. ती दहावीत असताना तिचा उजवा हात मनगटाशी मोडला, तो मी मोडला.

तेव्हा आम्ही अमेरिकेतल्या कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहत होतो. इथल्या शाळांत पुढच्या वर्षाचे विषय फेब्रुवारीतच निवडतात. बायको तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. पुढे काय व्हायचंय ते आधी ठरव आणि मग विषय घे, असं माझं रोजचं पालुपद. ती खांदे उडवायची. "आय डोन्ट नो येट, बाबा."

हे 'येट' माझ्या डोक्यात जायचं. ती पुण्यात जन्मलेली, चार वर्षांची असताना इथे आलेली. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही इतके मागे होतो, की एकवीस पूर्ण झाली की ती माझ्या व्हिसावरून बाहेर पडणार आणि मग जे शिकली असेल त्यावरच तिला इथे राहायचं होतं. ही भीती खरी होती. पण मी हात भीतीनं उचलला नाही. मला ते येत होतं, म्हणून उचलला.

मी स्वतः दहावीनंतर वडिलांना म्हणालो होतो, की सायन्स घ्यायचं की नाही ते अजून ठरत नाही. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला. बक्कल पाठीत रुतलं तिथे अजून खळगा आहे. दुसऱ्या दिवशी मी सायन्सला प्रवेश घेतला. ही गोष्ट मी इथे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणात विनोद म्हणून सांगायचो, की मला अमेरिकेत कंपनीनं नाही, वडिलांच्या पट्ट्यानं आणलं. मग एकेक जण आपापलं काढायचा. कुणाचं लाटणं, कुणाची छडी, कुणाची ओली दोरी. नागपूरचा मित्र म्हणायचा, "यार, आपण सगळे एकाच कॉलेजचे." हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. एकदा वर पाहिलं तर मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. घरी जाताना गाडीत तिनं विचारलं, दुखलं होतं का? मी म्हणालो, तेव्हा असंच असायचं. तिनं हे विचारलं नव्हतं.

तिला फिजिक्स सोडून सिरॅमिक्स, म्हणजे मातीची भांडी घडवणं, घ्यायचं होतं. आदल्या आठवड्यात तिनं शाळेतून स्वतः केलेला निळा वाडगा आणला होता. यावर पोट भरणार आहे का, असं विचारत मी तो सिंकमध्ये आपटला.  तिनं तुकडे वेचले, पेपर टॉवेलमध्ये गुंडाळले आणि कचऱ्यात टाकले. त्यातला एक बोटाला लागला, तर तिनं ते बोट नळाखाली धरलं.

शनिवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी मागून पाहिलं. फिजिक्स काढलेलं, सिरॅमिक्स टाकलेलं आणि बोट सबमिटवर. मी तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घ्यायला जोर लावला. मी पिरगळलं. ती "बाबा, स्टॉप" म्हणाली, आणि मी आणखी पिरगळलं. ओली काटकी मोडते तसा आवाज झाला.

आता जे सांगायचंय ते हात मोडण्याहून वाईट आहे. ती खुर्चीवरून खाली घसरून हात पोटाशी धरून बसली होती, आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी सिरॅमिक्स काढलं, फिजिक्स टाकलं आणि सबमिट केलं. पान हिरवं झालं, निवड नोंदली गेली. मग मी तिच्याकडे पाहिलं.

गाडीत बसल्यावर समोर बघत मी म्हणालो, "ड्राइव्हवेवर बर्फ आहे, नाही?"

तिनं डाव्या हातानं सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "येस."

हॉस्पिटलमध्ये नर्सनं मला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावलं. इथे मुलांना एकटं घेऊन विचारतात, घरी सुरक्षित वाटतं का, हे मला ठाऊक होतं. मी बाहेर बसून माझ्या जबाबाची तयारी करत होतो. नोकरी, व्हिसा, पोलीस, सगळं डोळ्यांपुढे आलं; तिचा हात आला नाही. दार उघडलं. नर्सनं मला बर्फ वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर मीठ टाकायला सांगितलं. घरी आल्यावर मी गॅरेजपुढच्या त्या वाटेवर पोतंभर मीठ ओतलं. शेजारी बघत असताना ओतलं.

महिन्याभरानं शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी बोलावलं. प्लास्टरमुळे मुलीला लिहिता येत नव्हतं, त्याची सोय करायची होती. जाता जाता त्या म्हणाल्या, तिला सिरॅमिक्स हवं होतं असं वाटलं होतं. हरकत नाही, शाळा सुरू झाल्यावरही पहिले काही दिवस बदलता येतं, एक ईमेल पुरते. मी विचारलं, पण मग इंजिनिअरिंगचं काय? त्या हसल्या. मुलं कॉलेजात गेल्यावरसुद्धा बदलतात, म्हणाल्या.

आमच्याकडे अकरावीला आर्ट्स घेतलं, की सायन्सचं दार कायमचं बंद. ते दार मी इथे घेऊन आलो होतो. या देशात इतकी वर्षं राहून, इथे ते आहे का, हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. एका ईमेलनं बदलणाऱ्या गोष्टीसाठी मी पोरीचं हाड मोडलं.

मी तिला म्हणालो, बदलून घे. ती म्हणाली, "यू पिक्ड इट." तिनं फिजिक्सच केलं. हाड वाकडं जुळलं होतं. चाकावरची माती तिला तशीही धरता आली नसती.

आता ती ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकते. दोनदा विषय बदललाय, पुढे काय ते अजून ठरलेलं नाही. मी विचारत नाही. तिचा उजवा तळहात पूर्ण वर वळत नाही.

गेल्या गणपतीत ती घरी आली होती. आरतीनंतर एका काकूंनी तीर्थाची पळी पुढे केली आणि तिनं डावा हात पसरला. काकू म्हणाल्या, "डावा गं काय? अमेरिकन झालीस अगदी." बायको लगेच म्हणाली, "अहो, तिचा तो हात वळत नाही. मी नव्हते तेव्हा बर्फावर घसरली. वेंधळी आहे पहिल्यापासून." सगळे हसले. मीही हसलो.

निघताना मी तिची बॅग गाडीत ठेवत होतो. माझ्याशी ती इंग्रजीतच बोलते. हे मराठीत म्हणाली.

"बाबा, मी अजून किती वेळा घसरू?"

मी डिकी लावली. ती गेली.

इथे लिहिलं म्हणून तिचं देणं फिटत नाही. तिच्या आईला, तिच्यासमोर, माझ्या तोंडानं सांगायचं आहे, की ती घसरली नव्हती, मी हात पिरगळला होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.