बशीतली साय

अक्का बशीतल्या चहावर फुंकर घालत होती आणि वरची साय जागची हलत नव्हती. ओठांचा चंबू झालेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि चहा मात्र तळ्यासारखा निवांत.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून माझ्या या थोरल्या बहिणीचे रिपोर्ट मीच वाचते. आजार दुर्मीळ, जन्मतःच आलेला. शरीरातली साखर स्नायूंत साठत जाते आणि स्नायू झिजतात. आधी जिना चढणं गेलं, आता श्वासाचे स्नायू ढिले पडताहेत. दवाखान्यातल्या नळीत ती फुंकते, श्वासाच्या जोराचा आकडा येतो आणि मी तो घरात सगळ्यांना समजावून सांगते. त्याचा मला अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

पण आकड्याची मला कधी भीती वाटली नव्हती, ती आज या न हलणाऱ्या सायीची वाटली. याच बाईने फुंकणी तोंडाला लावली की ओली लाकडंसुद्धा पेटायची.

"काय बघतेस गं, शिकलेली बाई?" मधेच दम घेत ती म्हणाली आणि बशी माझ्यापुढे केली. "निवलाय बघ. घे, पी."

मी घोट घेतला. जीभ पोळली.

"निवलाय," मी म्हटलं, आणि तिच्यादेखत बशी रिकामी केली.